जरा कळ काढ

पद्मजाला बोटांच्या दुखण्याचे इतके प्रकार माहीत होते की ते सगळे सांगायला बसलं तर ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. उठल्या उठल्या बोटं आखडलेली. मूठ मिटायला गेलं की मुठीच्या सांध्यांत ठणका. दोरा ओढताना मधल्या सांध्यातून चमक. काम थांबवलं की ठसठस, आणि तिन्हीसांजेला नुसताच शीण, ज्याला बोट दाखवावं अशी जागाही नसे. अकरा वर्षांत ही सगळी मंडळी घरचीच झाली होती. कोण किती वाजता येणार आणि किती वेळ ठाण मांडून बसणार, हे तिला आधीच ठाऊक असायचं.

दुखणं बोटांचं आणि पोटापाण्याचं कामही बोटांचंच. सोनार दागिना घडवतो, पण त्यातले मणी, वाट्या, पदक रेशमात गाठवून दागिना गळ्यात घालण्याजोगा करतो तो पटवेकर. कऱ्हाडच्या सोनारगल्लीत पद्मजाचं हातभर दुकान होतं. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, तो ताणून धरायचा आणि गाठ अशी मारायची की मानेला टोचू नये आणि जन्मात सुटू नये. हे तिनं वडिलांच्या शेजारी बसून उचललं होतं. सासरचं आडनावही पटवेकरच, पण सासरी कुणाला चपलेचा बंद बांधता आला तरी पुष्कळ झालं.

तिच्या आजाराला आमवात म्हणतात. डॉक्टर नाझनीन मुल्लांनी तो तिला पहिल्याच भेटीत समजावला होता. वयोमानानं होणारी झीज वेगळी, ती हातात आली तर बहुतेक करून बोटांच्या टोकाजवळचे सांधे धरते. आमवातात शरीराचे पहारेकरीच बिथरतात आणि आपल्याच सांध्याच्या अस्तरावर चालून जातात. अस्तर सुजतं, आतली कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. दोन्ही हातांचे मुठीचे आणि मधले सांधे एकदमच धरले जातात, आणि सकाळी तास-तासभर बोटं उघडत नाहीत. आठवड्याला घ्यायच्या गोळीनं पद्मजाचे पहारेकरी बरेच ताळ्यावर आले होते. पण जे कुरतडून झालं होतं ते दुखायचं थांबलं नव्हतं.

म्हणून रोज सकाळी सहाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरट पातेल्यात कोमट पाणी यायचं. हे खातं तिच्या नवऱ्याचं. मुकुंदनं उभा जन्म नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात वॉल्व्हमन म्हणून काढला. कुठल्या पेठेला कधी पाणी सोडायचं हे त्याच्या हातातली लांब लोखंडी चावी ठरवायची. पुढे वॉल्व्ह आपोआप उघडमीट करायला लागले आणि चावी कोपऱ्यात गेली. तेव्हापासून त्याच्याकडे सोडायला एवढंच पाणी उरलं होतं. तो कोपरानं ऊब बघायचा, समोर खुर्ची ओढायचा आणि पाण्यात तिचं एकेक बोट हातात घेऊन पाठीवरून, मुठीपासून नखापर्यंत, अंगठा फिरवायचा. सावकाश. त्या अंगठ्याला चावीनं पडलेला घट्टा होता, तो पाण्यात भिजून मऊ व्हायचा. मध्येच दुखून तिनं श्वास ओढला की तो म्हणायचा, "जरा कळ काढ."

बाकी काही नाही. मुकुंद मुळातच घुमा. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यात त्यानं गोड म्हणता येईल असं वाक्य उच्चारलेलं तिला आठवत नव्हतं. तिच्या पहिल्या बाळंतपणात तो दाराबाहेरून हेच म्हणाला होता, आणि सासूबाई गेल्या तेव्हाही हेच. जे काही सांगायचं ते सगळं त्यानं या एवढ्यातच भागवलं होतं, आणि तिचंही त्यात भागत होतं.

भाद्रपदात डॉक्टर मुल्लांनी कड्याची गोष्ट काढली. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण दवाखान्यातले सगळे पेशंट त्याला कडंच म्हणायचे. दोन्ही मनगटांत कातडीखाली तांदळाएवढे तीन-तीन दाणे बसवायचे, हाताच्या तीन नसांवर एकेक, आणि उजव्या हातात कडं घालायचं, ते दोन्हींकडचं बघणार. दाणे नसेतलं जाणं-येणं ऐकणार आणि कडं त्याचा अर्थ लावणार.

"एका नसेत हजारो तारा असतात," डॉक्टर कागदावर रेघा मारत म्हणाल्या. जाड तारा वेगवान. मणी गोल आहे की चपटा, दोरा ताणलाय की सैल, हे त्या क्षणात सांगतात. बारीक तारा धिम्या, आणि दुखणं येतं ते या बारीक तारांवरून. प्रत्येक माणसाच्या नसेत दुखण्याची चाल निराळी. कडं ती चाल ओळखायला शिकतं आणि ती आली की वाटेतच उलटा झटका देऊन विझवतं. स्पर्शाला धक्का लागत नाही. शिकायला मात्र त्याला तीन आठवडे लागतात, आणि शिकवायचं तुम्हीच, तोंडानं. दुखलं की कसं दुखतंय ते बोलायचं. घरच्या माणसाचा आवाजही त्यात नोंदवून ठेवू, म्हणजे तुमच्या वतीनं ते बोलले तरी चालेल.

आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. कडं दुखणं गप्प करतं, सांधा बरा करत नाही. गोळी चालूच ठेवायची. अर्ध्या-पाऊण तासानं काम थांबवायचं. पातेलं चिमटीनं उचलायचं नाही, दोन्ही तळव्यांवर घ्यायचं. पद्मजानं मान डोलावली. मान डोलावण्यात ती पहिल्यापासून हुशार.

शिकवणीचे तीन आठवडे घरात एक परकी बाई राहायला आल्यासारखे गेले. कडं फार अदबीनं बोलायचं. "आज आपल्या वेदनेची तीव्रता एक ते दहांपैकी किती आहे?" पद्मजा सांगायची, ठणकतंय. कडं म्हणायचं, कृपया आकडा सांगा. ती म्हणायची, ठणक्याला आकडा नसतो बाई. चार दिवसांनी कड्यानं आकड्याचा नाद सोडला आणि शब्द घ्यायला सुरुवात केली. ठणका, चमक, ठसठस, आखडणं. नवा शब्द ऐकला की त्याच्यावर हिरवा ठिपका उमटायचा. पद्मजाला त्याची गंमत वाटू लागली. मुकुंदला मात्र त्या बाईसमोर बनियनवर बसायचा संकोच वाटायचा, म्हणून तो तेवढे तीन आठवडे सकाळी सहाला सदरा घालून पाणी घेऊन येत असे. बोटं चोळता चोळता तो नेहमीसारखंच म्हणायचा, जरा कळ काढ. हिरवा ठिपका उमटायचा. दोघांपैकी कुणी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळी तिला जाग आली आणि काय चुकतंय ते आधी तिच्या ध्यानातच येईना. बोटं अजून आखडलेली होती, पण दुखत नव्हती. तिनं मूठ मिटली. मूठ मिटली एवढंच कळलं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं. मुकुंद पातेलं घेऊन आला तेव्हा ती दुसऱ्यांदा झाकण लावून पुन्हा उघडत होती. तो हसला. त्या दिवशी पाणी तसंच राहिलं आणि मग मोरीत ओतलं गेलं.

पुढच्या दोन महिन्यांत पद्मजानं गेल्या दोन वर्षांपेक्षा जास्त काम केलं. लग्नसराई तोंडावर आली होती. ती सकाळी नऊला मांडी घालायची आणि जेवायला उठायची तेवढीच. मधेमधे थांबायचं ते राहूनच गेलं, कारण थांब म्हणून सांगणारं कुणी उरलं नव्हतं. सोनार म्हणायचे, वहिनी, हात परत आले तुमचे. तिलाही ते पटत होतं. बारीकातला बारीक मणी चिमटीत ओळखू यायचा, रेशमाचा पीळ कळायचा.

एका सकाळी, काही काम नसताना, मुकुंद तिच्याजवळ येऊन बसला. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि बोटांच्या पाठीवरून अंगठा फिरवायला लागला. बहुधा सवयीनं. पद्मजाला अंगठा कळला. घट्टाही कळला, थोडा खरबरीत. तो मुठीपाशी होता, मग मधल्या सांध्यापाशी आला, मग नखापाशी. तिनं त्याचा तो प्रवास नीट पाहिला आणि तिला काहीच वाटलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. दवाखान्यात नाडी बघायला हात धरतात तसा तो हात होता. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली. तो थोड्या वेळानं उठून गेला.

तिला वाटलं, आज आपलं लक्ष नव्हतं. पण दुसऱ्यांदाही तेच झालं आणि तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा तो आला नाही.

पद्मजा विचार करणारी बाई होती, आणि तिनं विचार केला. दुखत होतं तोवर या माणसाची गरज होती. गरज होती म्हणून तो हवासा वाटत होता. दुखणं गेलं, गरज गेली, आणि खाली बघितलं तर काहीच नव्हतं. अकरा वर्षं आपण गरजेलाच माया समजत होतो. हे कळल्यावर तिला रडू यायला हवं होतं, पण तेही आलं नाही. तिला फक्त आश्चर्य वाटलं, आणि तेही बेताचंच.

त्याच सुमारास हुपरीहून बोलावणं आलं. चांदीकामाच्या त्या गावात दागिने गाठवणं शिकवायचं नवं केंद्र निघत होतं. दोन वर्षं तिथंच राहायचं, शिकवायचं. एरवी तिनं ऐकूनही घेतलं नसतं. आता नाही म्हणायला कारण सापडेना. तिनं होकार कळवला आणि जेवताना मुकुंदला सांगितलं. त्यानं भात कालवता कालवता विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, पौषात. तो म्हणाला, जा की. ताक वाढू का म्हणून तिनं विचारलं आणि त्यानं वाटी पुढे केली.

निघायला तीन आठवडे उरले होते तेव्हा दुकानात एक तरुण बाई आली. मंगळसूत्र वाढलंय म्हणाली. तुटलं असं कुणी म्हणत नाही. गळा मोकळा नको म्हणून तिनं हळकुंड बांधलेला दोरा घातला होता आणि गाठवून होईपर्यंत ती तिथंच बसून राहणार होती. पद्मजा मणी ओवत असताना तिचा नवरा आला. त्यानं बायकोच्या मनगटावर हात ठेवला. त्या बाईचे खांदे किंचित खाली आले, चेहरा सैलावला. पद्मजानं काम थांबवून ते पाहिलं. हे काय असतं ते आपल्याला माहीत होतं, एवढं तिला आठवलं. पुढचं आठवेना. तिनं शेवटची गाठ मारली आणि मंगळसूत्र त्या बाईच्या ओंजळीत ठेवलं.

त्या दुपारी जेवताना मुकुंद तिच्या ताटाकडे बघत होता. ताटाकडे नव्हे, हातांकडे.

"खळगे भरलेत," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. त्यानं स्वतःची मूठ वळून दाखवली. मुठीवर सांध्यांचे चार उंचवटे येतात आणि त्यांच्या मध्ये खळगे पडतात. पद्मजाच्या मुठीवर खळगे उरले नव्हते. सगळं एकसारखं फुगलं होतं, उजवीकडे तर तांबूसही. तिनं दाबून पाहिलं. काही नाही. तिला त्याची काळजीही वाटली नाही, पण मुकुंद ताटावरून उठला आणि हात धुऊन त्यानं डॉक्टर मुल्लांना फोन लावला. हुपरीला जायचं तर जा, पण आधी हात दाखवून जा, हे त्यानं तिला ठामपणे सांगितलं.

डॉक्टरांनी सूज पाहिली आणि त्या रागावल्या. दुखलं असतं तर तुम्ही थांबला असता, म्हणाल्या. आजार आत काम करत होता आणि त्यावर तुम्ही दिवसदिवस दोरा ताणत होता. त्यांनी औषध वाढवलं, महिनाभर गाठवणं बंद सांगितलं. मग कडं नीट चालतंय ना बघू, म्हणून त्यांनी पद्मजाला डोळे मिटायला लावले. सुईचं टोक टेकवलं. ती म्हणाली, टोक. दोन टोकं टेकवली. ती म्हणाली, दोन. मग मऊ ब्रश घेऊन त्यांनी बोटांच्या पाठीवरून अगदी हळू फिरवला.

"काय वाटतंय?"

"ब्रश आहे."

"कसा वाटतोय?"

पद्मजाला प्रश्न कळला नाही. ब्रश ब्रशासारखा वाटतो, आणखी कसा वाटणार? डॉक्टरांनी तोच ब्रश तिच्या दंडावर तितक्याच हळू फिरवला. पद्मजाच्या अंगावर बारीक शहारा आला आणि तिनं डोळे उघडले. भिंतीशी बसलेल्या मुकुंदकडे तिची नजर गेली, ती का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. स्पर्श दोन तऱ्हांचा असतो, त्यांनी सांगितलं. जाड तारा सांगतात काय लागलं, कुठं लागलं. पण कातडीत आणखी काही बारीक तारा असतात. त्या फक्त एकाच गोष्टीला जाग्या होतात, सावकाश, उबदार हात फिरला की. काय लागलं ते त्यांना कळतच नाही. बरं वाटलं, एवढंच त्या सांगतात. आई तान्ह्याच्या पाठीवरून हात फिरवते तेव्हा काम करतात त्या याच. या तारा दुखण्याच्या तारांच्या अगदी शेजारून जातात, जाडीनंही तेवढ्याच. तुमच्या बोटांत त्या पूर्ण विझल्यात. कड्यानं त्यांनाही दुखणंच समजून बंद केलंय. पण का, ते कळत नाही, कारण कुणीतरी सांगितल्याशिवाय कडं असं करत नाही.

त्यांनी शिकवणीच्या दिवसांची नोंद पडद्यावर उघडली. तक्रारीचे शब्द एका रकान्यात होते. दुसऱ्या रकान्यात आज्ञा. काढ, घालव, थांबव असं काही म्हटलं की त्या क्षणी नसेत जे जे चाललं असेल ते सगळं विझवायचं, असं कडं धरून चालायचं. दुसऱ्या रकान्यात एकच ओळ होती, आणि ती एकवीस दिवसांत चोपन्न वेळा आली होती. वेळ सकाळी सहा ते साडेसहा. आवाज घरच्या माणसाचा.

डॉक्टरांनी ती वाचली आणि त्यांना हसू आलं. मग मुकुंदच्या चेहऱ्याकडे लक्ष जाऊन ते तिथंच थांबलं.

"जरा कळ काढ," त्यांनी वाचून दाखवलं. "त्याला वाटलं तुम्ही हुकूम देताय. कळ म्हणजे वेदना आणि काढ म्हणजे काढून टाक. पुस्तकात बघून मराठी शिकलंय ते. चोपन्न वेळा तुमचा अंगठा चालू होता आणि चोपन्न वेळा तुम्ही सांगितलंत, काढ."

पद्मजाला आपल्या बोलण्याचं नवल वाटलं. मंगळसूत्र तुटलं की वाढलं म्हणायचं, निघताना येते म्हणायचं, आणि सोस म्हणायचं तर कळ काढ म्हणायचं. त्या अदबशीर बाईला काय कळणार. मुकुंद आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता. मग त्यानं तो मुठीत मिटून घेतला.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. आहे तसं राहू द्यायचं. सूज औषधानं आटोक्यात येईल, हात दुखणार नाही, काम पहिल्यासारखं होईल, आणि ही एक गोष्ट गेली ती गेली. नाहीतर कड्याची सगळी शिकवणी पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यात सगळं दुखणं परत येईल, आणि आता सूज असल्यामुळे आधीपेक्षा जास्त. शिवाय दोन्ही तारा इतक्या शेजारी की एक पूर्ण उघडी ठेवून दुसरी पूर्ण बंद करणं बहुधा जमणार नाही. हे हवं असेल तर थोडं दुखणं कायमचं पदरात घ्यावं लागेल. तसं ते वाईटही नाही, त्या म्हणाल्या, तुम्हाला थांबवायला कुणीतरी हवंच आहे. पण हे मी ठरवायचं नाही. दोन दिवस विचार करा.

घरी परतताना रिक्षात मुकुंद बाहेर बघत होता. घर दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "राहू दे तसंच. दुखत नाही ना, मग झालं. माझ्या हाताचं काय मोठंसं."

चौतीस वर्षांतलं त्याचं हे सगळ्यात लांब बोलणं असावं. पद्मजाचं काळीज हलायला हवं होतं. हललं नाही. ती त्याच्या बोलण्याचा अर्थ समजत होती, त्यामागचा माणूसही तिला दिसत होता, पण काचेपलीकडचं दिसावं तसा. या माणसाचं आपल्याला काही वाटत नाही हे तिनं गेले काही आठवडे खरं धरलं होतं आणि त्यावर दोन वर्षांसाठी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं होतं. आता ते खरं होतं की कड्यानं केलं होतं, हे कसं कळणार? डॉक्टर फक्त बोटांबद्दल बोलल्या होत्या, आणि तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. बोटांवरून सुरू झालेलं हे पार आत कसं पोचलं, ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नसतं.

दोन दिवसांनी तिनं ठरवलं, ते प्रेमानं नव्हे. प्रेम तिला त्या वेळी नव्हतंच. ठरवलं ते धंद्यातल्या शिस्तीनं. गुंता झाला की पुढे ओवत जायचं नाही, मागे येऊन जिथं चुकलं तिथपर्यंत उसवायचं, हे वडिलांनी शिकवलं होतं. हुपरीला जायचं तर आपण जावं, कड्यानं आपल्याला नेऊ नये. तिनं केंद्राला कळवलं की महिनाभर येता येणार नाही, नंतरचं नंतर सांगते. मग ती दवाखान्यात जाऊन पाटी कोरी करून आली. या वेळी डॉक्टरांनी कड्याला एक सवय जास्तीची लावून दिली. शंका आली तर ठरवायचं नाही, विचारायचं.

दुखणं त्याच संध्याकाळी परत आलं आणि गेल्या तीन महिन्यांची कसर भरून काढू लागलं. ठणका आला, चमक आली, ठसठस आली. पहिले चार दिवस तिला चमचा धरवेना. मुकुंद सकाळी सहाला कोमट पाण्याचं पातेलं टेबलावर ठेवायचा, घास भरवायचा, केसांत फणी फिरवून द्यायचा. पण पाण्यात तिच्या हाताला हात लावायचा नाही. पातेलं ठेवून तो दाराशी उभा राहायचा, आणि ती दुखून कळवळली तरी ओठ मिटून घ्यायचा. त्या शब्दांचीच त्याला धास्ती बसली होती, आणि दुसरे शब्द त्याच्याकडे नव्हते. पद्मजा हे रोज बघत होती. रोज तिला वाटे, आज तो येईल. तो आला नाही.

नवव्या दिवशी सकाळी तिनं हात पाण्यात बुडवले आणि मान वर न करता म्हणाली, "अहो, बसा ना."

तो खुर्ची ओढून बसला. हात मांडीवरच.

"हात धरा."

"दुखेल."

"दुखतंच आहे."

त्यानं बाह्या सरसावल्या. पाण्यात हात घातला आणि तिची तर्जनी धरली, चिनी मातीचं काही धरावं इतक्या हलक्या हातानं. अंगठा मुठीपाशी टेकला आणि खाली सरकला. कळ थेट कोपरापर्यंत गेली. पद्मजानं डोळे घट्ट मिटले आणि वाट पाहिली. दुसरं बोट. पुन्हा कळ. घट्टा कळला, पाण्याची ऊब कळली. तिसरं बोट. तिला वाटलं, उसवून काही उपयोग झाला नाही, खाली खरंच काही नव्हतं. चौथं बोट. मुकुंदचा अंगठा मधल्या सांध्यावरून पुढे निघाला, सावकाश, आणि ठणक्याच्या मागून काहीतरी आलं. इतकं बारीक की आधी तिला ते ओळखताच आलं नाही. तिचे खांदे मात्र आपसूक खाली आले. गेले तीन महिने न आलेलं रडणं एकदमच यायला लागलं, दुखण्याचं कोणतं आणि हे कोणतं ते वेगळं करता येईना.

तिचा चेहरा पाहून मुकुंद घाबरला. आणि घाबरला की तो जे म्हणायचा तेच त्याच्या तोंडून निघून गेलं.

"जरा कळ काढ."

दोघंही थबकले. पातेल्याच्या काठाशी तिच्या मनगटातल्या कड्यावर पिवळा ठिपका लुकलुकला.

"क्षमा करा," ते अदबीनं म्हणालं. "मला शंका आहे. आता जे जाणवतंय ते काढून टाकायचं आहे का?"

मुकुंदनं हात मागे घ्यायला सुरुवात केली. पद्मजानं सुजल्या बोटांनी त्याचा अंगठा पाण्यातच धरून ठेवला. पकडताना दुखलं, चांगलंच दुखलं.

"नको," ती कड्याला म्हणाली. "राहू दे."